मालवण ते विजयदुर्ग, आईला घेऊन जमेल का?

पायपीट_पुणे
दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी आईला घेऊन निघतोय. रात्रीच्या गाडीने कुडाळ, पुढे टॅक्सी. तिचे गुडघे दुखतात, पण महाराजांच्या हाताचा ठसा बघायचाच म्हणून हटून बसलीय. यादीत सिंधुदुर्ग, तारकर्ली, कुणकेश्वर, देवगड किल्ला, विजयदुर्ग. काय गाळू?

सड्यावरचा
तारकर्ली गाळा. वाळूच बघायची तर कुणकेश्वरला देवळाच्या पायरीखालीच आहे, आणि आई तिथे बसू तरी शकतील.

सिंधुदुर्ग शनिवारी सकाळी पहिल्या लाँचने करा. लाँच खडकांतून वळणं घेत जाते, बघण्यासारखं आहे. कुरटे बेटावरचा हा किल्ला १६६४ ते १६६७ मध्ये उभा राहिला, बांधकाम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली. दरवाजातून आत गेलात की ठसे जवळच, तटावरच्या घुमटीत आहेत. तेवढ्या पायऱ्या आईंना हात धरून चढवा. मग शिवराजेश्वराचं देऊळ आणि दूधबाव. चहूकडे खारं पाणी आणि विहीर गोडी! बाकीची तटबंदी तुम्ही एकटे फिरा, त्यांना देवळातच बसू दे.

दुपारी मालवणात जेवून आचऱ्यावरून कुणकेश्वर, मुक्काम देवगडला.

रविवार सगळा विजयदुर्गाला द्या. मी गिर्याचा, तेव्हा पक्षपाती आहे हे धरूनच वाचा. इथे लाँच नाही, जमिनीवरून चालत आत जाता येतं. तिहेरी तट, आणि दरवाजा असा आडोशाला की समोरून दिसतच नाही. १७५६ साली इंग्रज आणि पेशवे एकत्र येऊन तुळाजी आंग्र्यांवर चालून आले ते इथेच. आमच्याकडे त्या आरमाराच्या गोष्टी अजून सांगतात, त्यात पेशव्यांचं कौतुक जरा कमीच असतं.

येताना गिर्याला रामेश्वर चुकवू नका. जांभ्याचा कातळ खोदून केलेल्या खोल वाटेने खाली उतरायचं. मात्र गुडघ्यांचा विचार करून आईंना आधीच विचारा, उतरलेलं परत चढायचंही आहे.

मालवणी_माणूस
गिर्येकर, तारकर्ली गाळताय होय? भेटा एकदा मालवणात, मग बोलू :)
पायपीट, लाँचमध्ये चढता-उतरताना आईंना मधे घ्या, पुढे-मागे एकेक जण. आणि भरतीची वेळ जेट्टीवर विचारूनच निघा. ओहोटीला लाँच खाली जाते, मग जेट्टीवर पाय टाकणं अवघड.

पायपीट_पुणे
भारी! देवगड किल्ला मग राहूच दे ना? आणि परतीची गाडी कुठून?

सड्यावरचा
देवगडला मुक्काम आहेच, पहाटे तुम्ही एकटे दीपगृहापर्यंत जाऊन या, तेवढ्यात आई उठतील. परतीला कणकवली. विजयदुर्गाहून टॅक्सीला दोन तास धरा, घाटात ट्रक मिळाला तर जास्तच. जेवण विजयदुर्गातच उरकून निघा.