चोरीला गेलेली सत्ती

मुलांसाठी चित्रचोरीची रहस्यकादंबरी लिहिताना तिला चित्रकलेखेरीज शाळेतले बाकीचे विषय कसे जोडायचे, असं एकाने विचारलंय. आमच्या कुडाळकडच्या शाळेत केलेलं सांगते.

आम्ही सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांचा जुना खेळ, घेतली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात. दहा अवतारांची प्रत्येकी १२, म्हणजे राजा, वजीर आणि एक ते दहा. मुलांनी पुठ्ठ्याची पानं कापून रंगवली. मग मी गुपचूप एक पान काढून घेतलं आणि फळ्यावर एवढंच लिहिलं, 'कोणतं चित्र चोरीला गेलं?' पाचवीतली एक मुलगी जमिनीवर दहा रांगा मांडत बसली. कूर्माच्या रांगेत ११च पानं निघाली. मग ती एकेका पानावरची कासवं बोटाने मोजू लागली आणि ओरडली, "बाई, सत्ती खंय गेली?"

गणित, तर्क, दशावतार, सगळं त्या एका तासात आलं. भाषेसाठी मुलांनी चोरीचा पंचनामा लिहिला, आणि तो निबंधापेक्षा कितीतरी जिवंत उतरला.

इतिहासाला खरी चोरी घ्या. १९९० मध्ये बोस्टनच्या गार्डनर संग्रहालयातून १३ कलाकृती गेल्या, त्यात डच चित्रकार व्हर्मीरचं एक चित्रही होतं. तिथे रिकाम्या चौकटी अजून टांगलेल्या आहेत, हे ऐकून वर्ग गप्प झाला होता.

विज्ञानाला रंगांसाठी आपली काव, म्हणजे लाल माती, आणि चुना पुरे. फक्त प्रत्येक प्रकरणाखाली प्रश्नोत्तरं देऊ नका, मुलं पुस्तक मिटून ठेवतात.