कॅलरीमापनाने प्रसरण ‘मोजतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न : ‘दाबाखालील द्रवांचं औष्णिक प्रसरण कॅलरीमापनाने मोजणे’ हा शब्दप्रयोग बरोबर आहे का? कॅलरीमापी मोजतो उष्णता आणि प्रसरण म्हणजे घनफळातली वाढ. शिवाय कॅलरीमापनाऐवजी ‘तापमापन’ म्हटलेलं चालेल का?

उत्तर : ‘तापमापन’ नको. या प्रयोगात तापमान मुद्दाम स्थिर धरलेलं असतं. मोजायची असते ती आत-बाहेर होणारी उष्णता. ‘कॅलरीमापी’ शाळेपासून रुळलेला आहे. उष्णता आता ज्यूलमध्ये मोजतात, म्हणून कुणी ‘उष्णतामापी’ म्हणतं. तेही चांगलं.

खरी अडचण ‘प्रसरण मोजणे’ या शब्दांत आहे, कारण इथे द्रव फुगवायचाच नसतो. जाड पोलादी पात्रात तो भरायचा आणि दाब वाढवायचा. दाबलेला द्रव तापू पाहतो, पण तापमान वाढू द्यायचं नसल्यामुळे ती उष्णता बाहेर पडते आणि तेवढीच मोजली जाते. उष्मागतिकीतल्या मॅक्सवेलच्या संबंधानुसार, स्थिर तापमानाला दाब वाढवल्यावर एन्ट्रॉपी (तिच्यातला बदल म्हणजे इथे देवाणघेवाण झालेली उष्णता भागिले केल्व्हिनमधलं तापमान) ज्या दराने घटते, त्याच दराने स्थिर दाबाला तापमानागणिक घनफळ वाढतं. त्यावरून बाहेर पडलेली उष्णता म्हणजे केल्व्हिनमधलं तापमान, घनफळ, प्रसरणांक (तापमान एका केल्व्हिनने वाढल्यावर घनफळ मूळच्या कितव्या हिश्शाने वाढतं तो आकडा) आणि दाबातली वाढ या चौघांचा गुणाकार. तीन माहीत असले की प्रसरणांक हाती येतो. म्हणून ‘प्रसरणांक काढणे’ लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

२५ अंश सेल्सिअसला पाण्याचा प्रसरणांक दर केल्व्हिनला सुमारे ०.०००२६ असतो. १ घन सेंटिमीटर पाण्यावरचा दाब १० मेगापास्कलने, म्हणजे जवळपास १०० वातावरणांनी वाढवला, तर जेमतेम पाऊण ज्यूल उष्णता निघते. तेवढ्याच हेक्झेन या हायड्रोकार्बन द्रवातून तिच्या पाचपटीच्या आसपास.

पुरवणी शंका : मग सरळ घनता मोजून का काढत नाहीत?

उत्तर : काढतात की. पण प्रसरणांक हा घनफळ-तापमान आलेखाचा उतार. त्यासाठी वेगवेगळ्या तापमानांना घनता मोजावी लागते आणि तिच्यातली बारीकशी चूक उतारात मोठी होऊन बसते. कॅलरीमापनात एकाच तापमानाला दाब टप्प्याटप्प्याने वाढवत गेलं की प्रत्येक टप्प्याचा प्रसरणांक थेट मिळतो.

मात्र पात्राचा हिशेब धरावाच लागतो. आतल्या दाबाने ताणलेल्या पोलादी भिंती थोडी उष्णता शोषून घेतात, त्यामुळे मोजलेल्या आकड्यातून मिळतो तो द्रवाच्या आणि पोलादाच्या प्रसरणांकांमधला फरक. पोलादाचा घनीय प्रसरणांक सुमारे ०.००००५. तो फरकात परत जोडायचा राहिला, तर वरच्या उदाहरणातलं पाण्याचं उत्तर पाचव्या हिश्शाने कमी येतं.

‘प्रसरणांक ऋण’ हा शब्दप्रयोगही बिनचूक आहे. वातावरणीय दाबाला ४ अंशांखालचं पाणी तापवलं की आकसतं. तेच दाबलं तर उष्णता बाहेर टाकण्याऐवजी शोषून घेतं. द्रव दाबल्यावर होणाऱ्या औष्णिक परिणामांवरचे प्रयोग इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ जेम्स ज्यूलने १८५९ साली प्रसिद्ध केले. त्यात विल्यम थॉमसनचं (पुढे लॉर्ड केल्व्हिन) दाबामुळे होणाऱ्या तापमानबदलाचं सूत्र पडताळलं होतं आणि गोठणबिंदूजवळचं पाणी दाबल्यावर किंचित थंड होतं हेही दिसलं होतं. त्याने मोजला तो तापमानातला बदल, त्यामुळे त्या प्रयोगांना ‘तापमापन’ म्हणायला माझी हरकत नाही.