कुत्र्याला सुकी मासळी घालावी का?

खानापूरकर
आमची राणी गावठी, नऊ किलोची. पावसाळ्याची बेगमी म्हणून आईनं मृगाआधीच खारा बांगडा, बोंबील, सुकट भरून ठेवलीय. परवा चुलीत बांगडा भाजायला घेतला नि वासानं राणी दारातून हलेना. आईनं अर्धा बांगडा तिला घातला. रात्रभर पाणी पीत होती, दोनदा ओकली. सकाळी बरी झाली, तरी माझ्या जिवाला घोर लागलाय. आई म्हणते, "गावातली कुत्री काट्यांवरच वाढली की." तिचा राणीवर लई जीव, तिला दुखवायचं नाही. पण आता बोंबीलही बंद करू का?

माहेर वेंगुर्लं, सासर वडगाव
दादा, दोन्ही मासे एका मापानं मोजू नका. बांगडा चिरून मिठात मुरवतात, मग वाळवतात. नऊ किलोच्या जिवाला अर्धा बांगडा म्हणजे फार मीठ झालं. बोंबील काठ्यांवर टांगून नुसत्या उन्हावाऱ्यात सुकवतात, बहुतेकदा मीठ लावत नाहीत. तरी तुकडा जिभेवर ठेवून बघा. खारट लागला तर राणीला नको. अळणी असला तर तासभर भिजवा, पाणी ओतून द्या, नव्या पाण्यात उकळा, मधला काटा काढा आणि बोटाच्या पेराएवढा घाला. आमटीतला देऊ नका, कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो. सुकटही आधी चाखा, आणि चाळून घ्या, वाळू असते.

कारवानीवाला, निपाणी
ताईंचं बरोबर आहे. बांगडा भिजवून, मीठ काढून द्यावा असं आईंच्या मनात येईल, तर तेही नको. बांगडा धरल्यावर उन्हात पडून राहिला तर त्यात हिस्टामीन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं, आणि ते उकळूनही जात नाही. आमच्या कारवानी कुत्र्याला बांगडा दाखवतही नाही. खाऊ दिवसाच्या पोटभरीच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. आमच्या डब्यातल्या बोंबलांना आषाढात बुरशी आली, सगळे फेकले. पुसून, ऊन दाखवून घालू नका.
पुन्हा चुकून खारं खाल्लं तर पाणी तोडू नका. झोकांड्या, थरथर, झटके दिसले तर तसंच उचलून गुरांच्या डॉक्टरकडं न्या.

खानापूरकर
दोघांचेही आभार. वाचून दाखवलं तसं आई काही बोलली नाही, उठून बांगड्याचं गाडगं शिंकाळ्यात टांगलं. बोंबील अळणी निघाला, सुकट खारट. आज तिनंच बोंबील भिजवून काटा काढला, तुकडा भाकरीत कुस्करून घातला. राणीनं ताट चाटून लख्ख केलं. शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी बिघडलीय, त्याला एवढा तुकडा चालेल का?

माहेर वेंगुर्लं, सासर वडगाव
नको दादा. त्याचं खाणं डॉक्टर सांगतील तेवढंच. शेजाऱ्यांनाही आजच सांगा.