मदत हवी आहे: पीएलए फिल्मवर लेझर मारल्यावर थेंब पसरतो, पण अल्कोहोलने धुतल्यावर पुन्हा गोळा होतो

नमस्कार मंडळी,

बायोमेडिकलमध्ये एम.टेक.चं शेवटचं वर्ष आहे. पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिडच्या, म्हणजे पीएलएच्या फिल्मवर लेझरने बारीक चर पाडले तर त्यावर पेशी नीट धरतात का, हे बघते आहे. बाबांच्या मनगटातली स्टीलची प्लेट काढायला दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं, तेव्हापासून शरीरात विरघळून जाणाऱ्या इम्प्लांटचा विषय डोक्यात घर करून बसला आहे. पीएलए विरघळतं खरं, पण पाण्याला फारसं जवळ करत नाही आणि पेशीही त्यावर धड चिकटत नाहीत.

आमच्याकडे लेझर म्हणजे अ‍ॅक्रिलिक कापायचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) कटर, १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा. पहिल्या खेपेला पॉवर जास्त झाली आणि फिल्म भाजलेल्या पापडासारखी वळली (पीएलए ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं). पॉवर उतरवून, वेग वाढवून आता चर छान येतात. मायक्रोस्कोपखाली प्रत्येक चराच्या दोन्ही काठांना वितळून थिजलेला बांध दिसतो, नांगराच्या तासाला मातीचा असतो तसा.

आता अडचण. साध्या फिल्मवर पाण्याच्या थेंबाचा कडेशी होणारा कोन (जितका कमी, तितका थेंब जास्त पसरलेला) ७८ अंश येतो. लेझरनंतर चरांच्या दिशेत ५६, आडव्या दिशेत ७२. थेंब चरांच्या दिशेने लांबट पसरतो. मी खूश! मग पेशी टाकण्याआधी निर्जंतुक करायला ७० टक्के अल्कोहोलमध्ये अर्धा तास ठेवून फिल्म वाळवली, तर कोन ६९ आणि ७६. चर जसेच्या तसे आहेत. साधी फिल्म तशीच धुतली तर ७८ चे ७८.

माझा अंदाज असा: सीओटूच्या फोटॉनची ऊर्जा जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला साधारण ३.६ लागतात. १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर या अतिनील लेझरच्या फोटॉनकडे ६.४ असतात, तो बंध थेट तोडू शकतो. आमचा कटर जे करतो ते निव्वळ उष्णतेने. त्यात तुटलेल्या पीएलएच्या रेणूसाखळ्यांचे बारके तुकडे वर बसले असावेत, त्यांनी पाणी ओढलं आणि अल्कोहोलने ते धुऊन नेले. उरलेला फरक चरांच्या खडबडीतपणाचा, कारण मुळातला कोन ९० च्या आत असला की खडबडीतपणानेच तो आणखी उतरतो. हे बरोबर आहे का? की साखळ्यांची टोकं नुसती आत वळली?

एक्सपीएस (पृष्ठभागावर कोणते अणू, कोणत्या बंधांत आहेत ते दाखवणारी क्ष-किरण तपासणी) बाहेरून करून घ्यायचं आहे आणि पैसे चारच नमुन्यांचे आहेत. साधा, साधा धुतलेला, लेझरचा आणि लेझरचा धुतलेला, असे पाठवू? की साधा धुतलेला गाळून, बीम डीफोकस करून नुसता तापवलेला, चर नसलेला तुकडा घालू? मला दुसरं पटतंय, पण चूक झाली तर पुन्हा संधी नाही.

शिवाय रेणुभार घटलाय का, म्हणजे साखळ्या आखूड झाल्यात का, ते बघायला जीपीसी (फिल्म विरघळवून रेणू आकारानुसार वेगळे करणारी चाचणी) करायचं, तर लेझरने फक्त वरचा पातळ थर बदलला आहे. अख्खी फिल्म विरघळवली तर तो फरक खालच्या मालात बुडून जाईल. वरचा थर तेवढा कोणी वेगळा काढला आहे का?

आणि निर्जंतुकीकरण तुम्ही कसं करता? ऑटोक्लेव्हचे १२१ अंश पीएलएला झेपत नाहीत, गॅमा किरणांनी साखळ्या तुटतात, इथिलीन ऑक्साइडची सोय आमच्याकडे नाही.

नमुने येत्या गुरुवारी पाठवायचे आहेत. चरांचे फोटो आणि कटरची सेटिंग्ज हवी असतील तर लगेच टाकते.