१:१२ मापात जावा २५०: चाकाचे आरे कशाचे करू?

प्रश्न
बाबांची जावा मोटारसायकल विकली तेव्हा मी सातवीत होतो. तिचंच मॉडेल आता हाताने घडवतोय. प्लास्टिक शीटचे थर चिकटवून, घासून टाकी झाली, बाजूचे गुडघ्याचे रबरही बसले. अडलंय चाकापाशी. खरी रिम १६ इंची, म्हणजे इथे जेमतेम ३४ मिमी. मासेमारीचा नायलॉन दोरा लावून पाहिला, पण तो रंगच धरत नाही.

उत्तर
दोरा काढून टाका. गिटारची सगळ्यात बारीक तार आणा, पाव मिमीच्या आसपास असते. खरा आरा साधारण ३ मिमीचा, १२ने भागा, तेवढाच येतो. पोलादीच असल्याने रंग द्यावा लागत नाही. आधी कागदावर चाक काढून त्यावर तार जुळवा. आरे एकमेकांना छेदतात तो कोन चुकला तर सगळं चाक खोटं दिसतं.

उत्तर
दादा, डावीकडची दांडी एकच ठेवा हं. आत दाबून मागे फिरवली की किक, पुढे आणली की गिअर. आणि सिलिंडर एक असला तरी सायलेन्सर दोन! मामांच्या गाडीसाठी पंपावर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना माप माझ्या हातात असायचं. तो वास अजून नाकात आहे.

प्रश्नकर्ता
तार आजच आणतो. दांडी कशी विसरेन? बाबा मला पुढे टाकीवर बसवायचे, त्यांचा पाय तिच्यावर पडला की टाकी माझ्या मांड्यांखाली थरथरायची.