महायुद्धातलं मुंबईचं रेशनिंग: घरात नेमकं काय बदललं?

गौरी_दादर: आजीच्या ट्रंकेत १९४६ चं रेशनकार्ड सापडलं. युद्ध तर १९४५ लाच संपलं ना? तेव्हा घरात काय शिजायचं, कोणी ऐकलंय का?

चाळकरी: युद्ध संपलं, टंचाई नाही. कार्डं त्यानंतरही चालूच होती. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये आलं. आदल्या वर्षी जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, दोन्ही वेळा भात खाणारे. कार्डावर तांदूळ मोजका, बाकी गहू, ज्वारी. आजीचा हात तांदळाच्या भाकरीला सरावलेला. ज्वारीची तव्यावर टाकतानाच मोडायची. घाटावरच्या शेजारणीने शेजारी बसवून शिकवली. सकाळची पेज मात्र तिने सोडली नाही. मूठभर कण्यांची, आधी पोरांना, उरली तर स्वतःला. हे आई सांगते तेव्हा मला अजून राग येतो. घरात सगळ्यात कमी जेवायची ती बाईच. गावाहून कोणी मुक्कामाला आलं की आजीच्या पोटात गोळा यायचा.

मीनल_ठाणे: आमच्याकडे रॉकेलची आठवण जास्त. दिवेलागणीनंतर एकच कंदील, म्हणून स्वयंपाक उजेडातच उरकायचा. जुन्या लुगड्यांची आधी परकर-पोलकी, मग गोधड्या.

चाळकरी: गौरी, बंगालमध्ये १९४३ लाच लाखो माणसं भुकेने गेली. ते कार्ड जपून ठेव. मागचे शिक्के दिसत असतील तर फोटो टाक.