प्रतिसाद: डोंगरमाथ्यावरची सर्व्हेची खूण

वर विचारलंय की पाटोद्याकडच्या डोंगरावरचा दगडांचा ढीग सर्व्हेचा की वनखात्याच्या हद्दीचा. आधी भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० नकाशा बघा. माथ्यावर त्रिकोण आणि शेजारी उंचीचा आकडा असेल, तर ते त्रिकोणमितीय ठाणं, म्हणजे दूरच्या ठाण्यांकडे कोन मोजून सर्व्हे करायची जागा. 'बीएम' (बेंचमार्क) लिहिलेली खूण वेगळी, ती समतलमापनाची, म्हणजे उंची मोजण्याची; बहुतेक रस्त्याकडेला किंवा देवळाच्या पायरीवर सापडते.

वर गेल्यावर ढिगाकडे नका बघू, खालचा कातळ बघा. मधोमध टिंब आणि भोवती वर्तुळ कोरलेलं असतं. शेवाळ चढलेलं असलं तर बोटांनी चाचपावं लागतं, खाच लगेच हाताला लागते. १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याने मद्रासजवळ सुरू केलेली भारताची त्रिकोणमितीय मोजणी अशाच ठाण्यांवरून निजामाच्या मुलखातून वर सरकली. माथ्यावरून दुसरं ठाणं दिसणं गरजेचं, म्हणूनच जागा अशा उघड्या.

बालाघाटावर दिवाळीनंतर जा, पण फुल पँट घाला, कुसळं फार. वाट मेंढपाळांना विचारा, नकाशापेक्षा ते बरोबर सांगतात.

आणि कळकळीची विनंती: गुप्तधनाच्या नादात लोक हे ढीग उकरतात. खाली धन नाही, फार तर दुसरा कोरलेला दगड असतो. गावात हे जरूर सांगा.